दुपारचा पाहुणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

वसंत पंचमी झाली की आमच्या टेंभुर्णीत हवा बदलते. टेंभुर्णी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सोलापूरकडची, माढा तालुक्यातली टेंभुर्णी आठवते. आमची ती नव्हे. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. पंचांग वसंत ऋतू चैत्र-वैशाखात धरतं, पण वसंत पंचमी येते ती माघातच, आणि शेतीवाडीतल्या माणसाला तेच खरं वाटतं. या दिवसांत हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात, शाळूच्या कणसांत दाणा टणक होत आलेला असतो, आंब्याला मोहोर आणि शेवग्याला पांढरी फुलं लागलेली असतात. ज्यांनी मोसंबीचा आंबेबहार धरलाय त्यांच्या बांधावरून सायंकाळी जावं. त्या फुलांचा वास घरापर्यंत सोबत येतो. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी अंगणात पाय भाजतो, असे हे दिवस.

याच दिवसांत गुरुप्रतिपदा येते. माघ वद्य प्रतिपदा, श्री नृसिंह सरस्वती स्वामी महाराजांचा शैलगमनाचा दिवस. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण गाणगापूरच्या वाटेवर असतील, कितीतरी घरीच पारायणाला बसले असतील. मी यंदा घरीच आहे. घरी राहण्याविषयीच चार शब्द लिहावेत असं मनात आलं, त्याला कारण झालं एका गृहस्थांचा प्रश्न.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि आम्ही म्हातारी माणसं ओट्यावर टेकलो. त्या आठवड्यात आमच्याकडे एकनाथी भागवतातलं अवधूत-यदु संवादाचं वाचन चालू होतं. अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी कपोताचा भाग त्या दिवशी झाला होता. एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, एक सांगा. दत्तमहाराज अवधूत. त्यायला ना घर, ना दार. वर कबुतराची गोष्ट सांगून आपल्यालाच ताकीद देतात की घरात गुंतलास तर मेलास. आपुन तर सारा जन्म घरातच काढला. मग आता म्हातारपणी दारात बसून, नातवाकडं बघून, मोहोर बघून जिवाला बरं वाटतं, हे पाप म्हणायचं का पुण्य?"

गावात मला अजून मास्तर म्हणतात. मी शाळेत कधी शिकवलं नाही. एसटीत कंडक्टर होतो, आणि एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. तेव्हा माझ्याकडे शास्त्रार्थाचं उत्तर नव्हतं. "बघतो" म्हणालो आणि घरी आलो. पण प्रश्न काही सुटेना, कारण तो माझाही होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी कपोताची कथा थोडक्यात सांगतो. रानात एका झाडावर कबुतराची जोडी राहत होती. दोघांचा एकमेकांवर अतोनात जीव. पुढे पिल्लं झाली. त्यांचे कोवळे पंख, त्यांचं गुटर्गुं, यात आईबाप इतके रमले की त्यांना दुसरं जग उरलं नाही. एके दिवशी दोघं चारा आणायला गेली असता पारध्यानं जाळं टाकलं आणि पिल्लं त्यात सापडली. कबुतरी परतली, पिल्लांचा आकांत पाहून तिनं जाळ्यात उडी घेतली. मग कबुतर आला. लेकरं गेली, बायको गेली, आता मी एकटा राहून काय करू, असा शोक करत तोही समोर दिसत असलेल्या जाळ्यात शिरला. पारधी सगळ्यांना घेऊन आनंदानं घरी गेला. अवधूत म्हणतात, हा माझा एक गुरू.

कथा ऐकली की छातीत धस्स होतं. त्यातलं प्रेम खोटं नाही. आपल्यापैकी कोणती आई त्या जाळ्यात उडी घेणार नाही? म्हणूनच ती टोचते.

आता माझी हकिगत सांगतो. मी नोकरीत असताना घरात फार राहिलोच नाही. पहाटेची पहिली गाडी असली की साडेतीनला उठायचं, मुक्कामी गाडी असली की रात्र कुठल्या तरी खेड्याच्या पारावर किंवा गाडीतच. डबा बसस्थानकावर उघडायचा. मुलं कधी रांगली, कधी चालली, ते मी ऐकून आहे. मनात मात्र एक हिशेब पक्का होता: एकदा निवृत्त झालो की घरात बसणार, सौ.च्या हातची गरम भाकरी खाणार, लेकरांत रमणार. तीस-बत्तीस वर्षं मी त्या दिवसाकडे डोळे लावून होतो. आणि निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा मुलगी चिखलीला सासरी, मुलगा पुण्यात नोकरीला. घरात आम्ही दोघंच. ज्या घरासाठी थांबलो होतो ते घर मी येईपर्यंत रिकामं झालं होतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, इकडंच या." चार महिने राहून आलो. मुलगा-सून प्रेमळ, नातू तर जिवाचा तुकडा. कसली कमी नव्हती. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. पुण्यात कबुतरांचा फार त्रास, म्हणून गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी ठोकलेली. बाहेरच्या कट्ट्यावर कबुतराच्या जोडीनं काड्या आणून घरटं केलेलं. मुलगा-सून कामावर आणि नातू शाळेत गेला की आम्ही दोघं त्या जाळीला टेकून कबुतरांकडं बघत बसायचो. एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, कबुतरं मोकळी अन् आपणच जाळ्यात."

हसण्यावारी बोलली. पण मला कपोताची कथा आठवली आणि मी दचकलो. संध्याकाळी सात वाजता दाराची बेल कधी वाजते, एवढ्या एकाच गोष्टीसाठी आमचा सबंध दिवस चालला होता. नातवाला ताप आला तर आम्हाला जेवण जाईना. सुनेचा चेहरा जरा उतरलेला दिसला की आम्ही रात्रभर कुजबुजायचो, आपलं काही चुकलं का? प्रेमाच्या नावाखाली आम्ही त्या तिघांवर आमच्या दोन जन्मांचं ओझं टाकलं होतं. त्यांना ते कळत होतं आणि ती बोलत नव्हती. उन्हाळा लागायच्या आत आम्ही परत टेंभुर्णीला आलो.

परत आलो म्हणजे सुखी झालो असं नाही. उलट ते वर्ष वाईट गेलं. सौ.नं स्वयंपाकातलं मन काढून घेतलं. "दोघांसाठी काय करायचं?" हे तिचं वाक्य झालं. सकाळीच चार भाकरी थापून ठेवायच्या, त्याच रात्री. कुरडया, शेवया बंद झाल्या. "कोण खाणार?" अंगणात सडा रोज पडायचा तो दोन दिवसांआड पडू लागला. मी फोन जवळ घेऊन बसायचो. घर तेच, अंगण तेच, आंबा तोच, त्याला मोहोरही आला होता म्हणतात. मी पाहिला नाही.

पुढच्या माघात आम्ही गुरुप्रतिपदेला गाणगापूरला गेलो. भीमा-अमरजा संगमावर स्नान केलं, निर्गुण पादुकांचं दर्शन घेतलं. तिथं दुपारी माधुकरी मागायची रीत आहे हे आपण जाणताच. किमान पाच घरी झोळी घेऊन जायचं. महाराज स्वतः दुपारी बाराच्या सुमारास गाणगापुरात भिक्षेला येतात, कोणत्या रूपात येतील ते सांगता येत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून तिथं मागणारेही असतात आणि वाढणारेही असतात, आणि कोण भक्त आणि कोण महाराज हे कुणीच विचारत नाही.

माझे पाय उचलेनात. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या हातून पैसे मोजून घेतले, तिकीट फाडून दिलं, सुट्ट्या पैशांवरून भांडलो. फुकट कुणाकडून घोटभर पाणी घेतलं नाही. आता दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागायचं? पहिल्या दारात आवाजच फुटला नाही. घरातून एक म्हातारी आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, कानडीत काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही, आणि भाकरीचा चतकोर, त्यावर थोडी आमटी माझ्या ताटलीत वाढून हात जोडले. मला! मी मागे वळून पाहिलं, कुणाला नमस्कार करते आहे म्हणून. मग उमगलं. ती बाई त्या दुपारी घरात बसून कुणा लेकराची वाट पाहत नव्हती. ती पाहुण्याची वाट पाहत होती, आणि जो येईल तो तिचा पाहुणा होता. त्यामुळं तिची वाट कधी वाया जात नव्हती.

गुरुप्रतिपदेचा अर्थ मला त्या दारात थोडासा कळला. महाराज नरसोबावाडीत बारा वर्षं राहिले, गाणगापुरात सुमारे तेवीस वर्षं. मग निघाले. भक्तांनी टाहो फोडला. महाराजांनी सांगितलं की लौकिकात मी श्रीशैल्याला जातो, पण राहतो इथंच. फुलांच्या आसनावर बसून ते पाताळगंगेच्या पाण्यातून गेले आणि प्रसादाची फुलं मागं आली. ज्या दिवशी गुरू गेले तो दिवस आपण सुतकासारखा पाळत नाही, उत्सव करतो. का? कारण गेलेल्याच्या नावानं त्या गावानं दारं बंद केली नाहीत. उलट रोज दुपारी उघडली. पाच शतकं उलटून गेली तरी त्या गावात दुपारचं ताट वाढलं जातंय.

आमची लेकरं पुण्याला आणि चिखलीला गेली तर आम्ही चूल अर्धी विझवून बसलो होतो.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसं बोललो नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सौ.नं साडेअकराला ताजी भाकरी केली. बेसन केलं, ठेचा वाटला. तिघांपुरतं. मी म्हणालो, "कुणी येणार आहे का?" ती म्हणाली, "बाराला कळंल."

त्या दिवशी कुणी आलं नाही. भाकरी गाईला घातली. दुसऱ्या दिवशी एक मेंढपाळ विहिरीवर पाण्याला थांबला होता, त्याला हाक मारली. मग कधी पोस्टाचा माणूस, कधी शेजारची एकटी म्हातारी, कधी शाळेतून लवकर सुटलेलं एखादं लेकरू. कधी कुणीच नाही. पण घरात फरक पडला. तिसऱ्यासाठी करायचं म्हणून ती नीट करायची, आणि नीट केलेलं आम्हा दोघांनाही नीट मिळू लागलं. दारात कुणी येईल म्हणून सडा पडू लागला. सडा पडल्यावर रांगोळी आलीच. पाहुणा आला की तो काहीतरी बोलतो. मेंढपाळानं सांगितलं पळस फुलायला लागलेत, म्हणून मी संध्याकाळी बघायला गेलो. किती वर्षांनी पळस पाहिला! बत्तीस वर्षं तो एसटीच्या खिडकीतून दिसत होता, पण तेव्हा मी तिकिटं मोजत होतो.

श्रीगुरुचरित्राच्या ३८ व्या अध्यायात भास्कर ब्राह्मणाची कथा आहे. महाराजांना भिक्षा घालावी म्हणून तो तिघांपुरता शिधा गाठोड्यात बांधून गाणगापुरी आला. रोज कुणी ना कुणी मोठं अन्नदान करायचं, याची पाळी येईना. तोही तिथंच जेवायचा आणि रात्री शिधा उशाशी घेऊन झोपायचा. असे तीन महिने गेले, लोक हसू लागले. शेवटी महाराजांनी त्यालाच सांगितलं, आज तू कर. त्या तिघांपुरत्या अन्नात चार हजार माणसं जेवली. चमत्कार आपण सगळे सांगतो. मी मात्र आता उशाच्या गाठोड्यापाशी थांबतो. मी बत्तीस वर्षं तसाच झोपलो होतो. माझा आनंद गाठोड्यात बांधलेला होता, निवृत्त झाल्यावर सोडायचा म्हणून. मग मुलगा जवळ आल्यावर, मग नातू मोठा झाल्यावर. महाराजांनी भास्कराचा शिधा वाढवला तो गाठ सुटल्यावर. आणि सोडायला सांगितलं ते "आज".

आता कुणी म्हणेल, मास्तर, पोट भरलेल्या माणसाला हे सुचतं. हे मला मान्य करावं लागेल, कारण मीही एकदा असंच चिडून बोललो होतो. माझी दीड एकर मोसंबी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, आंबेबहार धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. मग जानेवारीत खत घालून बेताबेतानं पाणी सोडलं की झाड फुलानं भरून जातं. कीर्तनात हा दृष्टांत चांगला रंगतो: ताणाशिवाय बहार नाही. पण २०१२ साली आमच्या जालना जिल्ह्यात पाऊस रुसला. त्या हिवाळ्यात ताण द्यावा लागला नाही, तो आपोआप बसला आणि सुटलाच नाही. टँकरचं पाणी माणसाला पुरेना, झाडाला कुठलं? २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या. माझीही गेली. झाडं तोडून सरपण केलं. तेव्हा एका कीर्तनात "समाधान माना" ऐकलं आणि मी मधूनच उठून घरी आलो. वाळलेल्या बागेच्या मालकाला समाधान सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

आजही माझं मत तेच आहे. प्रत्येक ताणानंतर बहार येत नाही, काही झाडं मरतात. आणि समाधान ही दुसऱ्याला सांगायची गोष्टच नाही. ती ज्याची त्यानं आपल्या घरात बघायची. पण त्या संध्याकाळची एक आठवण आहे. मी रागानं घरी आलो तर सौ. तुळशीपुढं दिवा लावत होती, रोजच्यासारखा. मला राग आला. म्हणालो, "तुला काहीच वाटत नाही का?" ती म्हणाली, "वाटतं की. पण बाग गेली म्हणून संध्याकाळ व्हायची थांबली का?" आणि मग वळून गाईला पाणी पाजायला गेली. धुण्या-भांड्यांचं जपून ठेवलेलं पाणी. तिचं समाधान म्हणजे हार मानणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच माझ्या आधी टँकरच्या रांगेत उभी होती. दुःख होतं, कामही होतं, आणि दिवाही होता. एकानं दुसऱ्याला हाकललं नव्हतं. मला हे कळायला पुढं किती तरी वर्षं लागली.

आता पुन्हा कपोताकडं येतो. त्या गृहस्थांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. याचं उत्तर मला श्रीएकनाथ महाराजांच्या घरात सापडलं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे थोर दत्तभक्त, देवगिरीचे किल्लेदार. गुरूनं शिष्याला रानात पाठवलं नाही, गृहस्थाश्रम घ्यायला सांगितलं. नाथ पैठणला राहिले, गिरिजाबाईंशी संसार केला, मुलंबाळं झाली. एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि पुढचा ग्रंथ काशीत १५७३ साली पुरा झाला. कपोताची कथा येते सातव्या अध्यायात. म्हणजे घरात गुंतू नका ही कथा नाथांनी ओवीबद्ध केली ती घरापासून शेकडो कोस दूर, काशीत गंगेच्या काठी. खरंतर तिथंच राहायचं. काशीहून मोठं ते काय? पण ग्रंथ पुरा झाल्यावर नाथ परत फिरले. पैठणला, आपल्या घरी. आणि पुढं सुमारे पंचवीस वर्षं, १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला देह ठेवीपर्यंत, त्याच घरात राहिले. गुरुप्रतिपदेनंतर महिन्याहून थोड्या अधिक दिवसांनी तीच नाथषष्ठी येते.

त्या घरात सगळं आलबेल होतं असंही नाही. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडील प्राकृतात कीर्तन करतात, कुणाच्याही पंक्तीला बसतात, हे त्याला पटेना. तो घर सोडून काशीला निघून गेला. पुढं नाथ स्वतः गेले, त्याच्या अटी मान्य करून त्याला घरी आणलं. आपल्या घरातही बापलेकात मतभेद होतात, मुलं रुसून दूर जातात. नाथांच्या घरीही हे झालं, म्हणजे आपलं काही फार चुकलं असं नव्हे.

मग नाथांचं घर आणि कपोताचं घरटं यांत फरक काय? प्रेम दोन्हीकडं होतं. पण कपोताच्या घरट्यात चौघांनाच जागा होती. बाहेरचं कुणी नव्हतंच. म्हणून तिघं गेली तेव्हा त्याच्यापाशी जाळ्यात शिरण्यापलीकडं काही उरलं नाही. नाथांच्या घराचं दार उघडं होतं. श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्यांना वाढला गेला. देव श्रीखंड्या होऊन त्या घरी पाणी भरायला राहिला अशी कथा आहे, आणि नाथांच्या वाड्यातला रांजण भाविक आजही भरतात. ज्या घरात परका माणूस जेवू शकतो त्या घरात देवाला पाण्याची कावड घेऊन शिरायला अडचण पडत नाही. अवधूतांनी प्रेम करू नका असं सांगितलं नाही, असं मला वाटतं. प्रेमाचं घरटं करून त्याची भोकं बुजवू नका, एवढंच सांगितलं.

आणि अवधूत अवधूत म्हणतो आपण, पण ते जन्मले कुठं? अत्रिऋषींच्या आश्रमात, अनसूयामातेच्या घरी. तिन्ही देव पाहुणे होऊन आले, भिक्षा मागितली, आणि तिनं कठीण अट घातलेल्या पाहुण्यांनाही विन्मुख पाठवलं नाही. त्यांची बाळं केली आणि भरवलं. दत्तप्रभूंचा जन्मच मुळी अतिथीला वाढलेल्या ताटातून झाला. आजही परंपरा सांगते की दत्तप्रभू कोल्हापुरी भिक्षा मागतात, पांचाळेश्वरी गोदाकाठी भोजन करतात आणि निद्रेला माहूरगडी येतात. माहूरला गेलेल्यांनी पाहिलं असेल, दत्तशिखराजवळच अनसूयेचं शिखर आहे. साऱ्या जगात फिरणारा अवधूत रात्री आईच्या जवळ झोपायला येतो. नृसिंह सरस्वती महाराजही संन्यास घेतल्यावर बऱ्याच वर्षांनी कारंज्याला आईवडिलांना आणि बहिणीला भेटायला आलेच. घराशी वैर असतं तर आले असते का?

तेव्हा त्या गृहस्थांना मी पुढच्या गुरुवारी इतकंच सांगितलं. "दादा, तुम्हाला मोहोर बघून बरं वाटतं ना? ते पुण्यच. नातवाकडं बघून वाटतं, तेही पुण्यच. फक्त एक करा. बारा वाजता दार लोटून घेऊ नका." ते म्हणाले, "कोण येतंय हो आमच्याकडं?" मी म्हणालो, "उद्या मीच येतो." आणि गेलो. त्यांच्या सुनेनं ओल्या हरभऱ्याची भाजी केली होती. आम्ही दोघं म्हातारे ओसरीत बसून जेवलो. ते फार बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "मास्तर, आता परवा मी येतो."

अजूनही माझं मन फोनकडं धावतं. रविवारी पुण्याहून फोन आला नाही तर संध्याकाळ जड जाते. कपोत काही माझ्यातून गेलेला नाही, तो खांद्यावर बसलेलाच आहे. पण फोन आला नाही तरी आता बाराला भाकरी होते, सडा पडतो, दिवा लागतो. परवा नातवाचा फोन होता. म्हणाला, "आजोबा, आंब्याला कैऱ्या आल्या का?" मी म्हणालो, "अजून मोहोरच आहे. होळीनंतर ये, तोवर धरतील." तो येईल न येईल. पण यंदा सौ.नं शेवयांसाठी गहू निवडून ठेवलेत. "कोण खाणार?" असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

लिहिता लिहिता साडेअकरा झाले. चुलीवर तवा चढला आहे, भाकरी थापल्याचा आवाज येतोय. बाहेर कुणीतरी दाराची कडी वाजवतंय. आपणा सर्वांच्या दारीही आज दुपारी असाच पाहुणा येवो, आणि त्याला ताट मिळो, ही महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥